मारेगावच्या घरी जेवण

मारेगाव
६ नोव्हेंबर २००६

आदरणीय सिस्टर रेमेडिया,

आपले परिपत्रक मिळाले. मदर क्लोटिल्डा यांच्या निधनानिमित्त संघाच्या सर्व घरांनी नऊ दिवस प्रार्थना करावी असे त्यात लिहिले आहे. आम्ही ती करत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि सिस्टर दुल्सीन. आता या घरात दोघीच उरलो.

परिपत्रकातल्या दोन गोष्टी दुरुस्त कराव्यात अशी विनंती आहे.

आपण त्यांना ‘सिस्टर क्लोटिल्डा’ म्हटले आहे. आपल्या सायरीन भगिनी संघात जी एकदा संघप्रमुख झाली तिला पद गेल्यावरही मदरच म्हणतात. जिवंतपणी कोणी म्हणायचे टाळले तर टाळले. मेल्यावर तरी टाळू नये.

दुसरे, त्या ‘प्रकृतीच्या कारणास्तव पदमुक्त झाल्या’ असे लिहिले आहे. तसे झाले नव्हते. त्यांना रोमहून पत्र आले. संघात शांतता राहावी म्हणून त्यांनी पद सोडावे, पोप महाशयांनी नेमलेले प्रतिनिधी फादर यापुढे संघावर देखरेख करतील आणि त्यांच्या हाताखाली सिस्टर रेमेडिया हंगामी प्रमुख असतील, असे त्यात होते. त्या वेळी मदरांची प्रकृती ठणठणीत होती. पुण्याच्या मठातून निघताना स्वतःची ट्रंक स्वतः उचलून त्या जिना उतरल्या. आपण वर गॅलरीत उभ्या होतात. मी खाली रिक्षापाशी होते.

हे आपल्याला ठाऊक आहे. तरी लिहिले, कारण परिपत्रक फाइलला लागते आणि पुढे तेच खरे धरले जाते.

दफन वणीच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाले. तिथल्या फादरांनी मिस्साविधी केला. शवपेटी शब्बीरच्या टेम्पोतून नेली. शब्बीर म्हणजे आमच्या घरमालकीण जैबुनबी यांचा मुलगा. त्याचे मोटारींचे गॅरेज आहे आणि आमच्या खोल्या त्याच गॅरेजच्या मागे आहेत. पुण्याहून कोणी आले नाही. आजाराबद्दल आपण काही विचारलेले नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

परिपत्रकाच्या मागच्या पानावर, वेगळ्या शीर्षकाखाली, मारेगावचे घर जानेवारीअखेर बंद करावे आणि आम्ही दोघींनी पुण्याच्या शाळेत रुजू व्हावे, असा आदेश आहे. दुःखाची बातमी आणि हा आदेश एकाच कागदावर यायला नको होता.

शिवाय एक अडचण आहे. आपण या घरी अजून जेवलेल्या नाहीत. तरी यावे, ही विनंती.

आपली नम्र,
सिस्टर अगाथा


मारेगाव
२८ नोव्हेंबर २००६

प्रिय सिस्टर रेमेडिया,

माझ्या पत्राचे उत्तर आपल्या सेक्रेटरीने पाठवले. ‘संघप्रमुखाने एखाद्या घरी जेवल्याशिवाय त्या घराला आदेश देऊ नये, ही केवळ प्रथा आहे. रोमने मंजूर केलेल्या संविधानात तिचा उल्लेख नाही.’ एवढेच.

उल्लेख नाही हे मला माहीत आहे. आपल्या जेवणाच्या घंटेचाही उल्लेख नाही. म्हणून घंटा वाजायची थांबली नाही.

नवदीक्षेच्या वर्षी आपल्याला ही प्रथा कोणी शिकवली ते आठवते का? तेव्हा आपल्या शिक्षिका मदर क्लोटिल्डाच होत्या. संस्थापक मदरांनी दुष्काळाच्या साली पुण्यात बसून एका चिठ्ठीने एक घर बंद केले. त्या घरात भुकेल्यांना रोज जेवण मिळत होते, हे त्यांना नंतर कळले. मग त्यांनी ठरवले, की ज्या घरचे अन्न आपण खाल्ले नाही त्या घराला हुकूम द्यायचा नाही. हे ऐकताना आपण माझ्या शेजारी बसला होतात आणि माझ्या कानात म्हणालात, “म्हणजे प्रमुख व्हायला पोट चांगले लागते.” मी हसले आणि शिक्षा मला झाली.

यापुढे ‘आपण’ लिहिणे मला जमणार नाही, रेमेडिया. सेक्रेटरी पत्रे उघडत असेल तर उघडू दे.

मी पोप महाशयांच्या विरोधात नाही. रोज प्रार्थनेत त्यांचे नाव घेते. मदरही घेत. पद सोडण्याचे पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर आम्हाला वाचून दाखवले, घडी घालून बाजूला ठेवले आणि ताटातला भात संपवला. पुढे इथे राहायला आल्यावरही रोमबद्दल एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. माझा राग रोमवर नाही. रोमला जे सांगितले गेले त्यावर आहे.

संघाने पुण्याची मोठी शाळा ट्रस्टकडे द्यावी आणि आपण लहान गावांत भाड्याच्या घरांत राहावे, असे सर्वसाधारण सभेत ठरले. मदरांनी मांडले, पण मत सगळ्यांनी दिले. तू विरोधात दिलेस, ते तू उघड सांगितलेस. ती शाळा तू पत्र्याच्या शेडपासून उभी केली होतीस. तुला ती सोडवेना, हे मला तेव्हाही समजत होते. पण मग तू आणि आणखी काही जणींनी थेट रोमला लिहिले, की संघ भरकटतो आहे. त्या दिवसापासून आपण बोललो नाही.

मग रोमचे निरीक्षक आले. ते या घरी आले तेव्हा मी होते. प्रार्थनेच्या खोलीची भिंत गॅरेजला लागून आहे. पलीकडे कोणाच्या तरी ट्रॅक्टरचे मडगार्ड ठोकणे चालू होते. त्यांनी विचारले, पवित्र भाकरीची पेटी अशा ठिकाणी ठेवता? मदर म्हणाल्या, “नाझरेथला येशूच्या घरीही सुतारकामाची ठोकाठोक होती, फादर.” त्यांना ते आवडले नाही. मग त्यांनी विचारले, इथे तुमचे सेवाकार्य नेमके काय? मदर म्हणाल्या, “आम्ही बसतो.”

अहवालात ‘निश्चित सेवाकार्य नाही’ असे गेले म्हणे.

बसणे म्हणजे काय ते तू कधी पाहिलेले नाहीस. इथे गेली काही वर्षे कापसाचे जे चालले आहे ते पेपरात येते. माणूस गेला की त्याच्या घरी तलाठी येतो, पोलीस येतात, पेपरवाले येतात, पुढारी येतात. सगळे त्या बाईला विचारतात. कसे झाले, केव्हा झाले, कोणते औषध होते, भांडण झाले होते का. आम्ही जातो आणि काही विचारत नाही. सरकारी दवाखान्यात प्रेत मिळेपर्यंत तिच्याबरोबर बाकावर बसतो. आणि नंतर बाजाराच्या दिवशी त्या बाया इथे येतात, पाणी पितात, पाय पसरून बसतात. एवढेच काम आहे. ते तक्त्यात भरता येत नाही, हे मला मान्य आहे.

तू ये आणि एकदा बस. मग जो हुकूम द्यायचा तो दे.

तुझी,
अगाथा


मारेगाव
१६ डिसेंबर २००६

प्रिय रेमेडिया,

तू फोन केलास. आमच्याकडे फोन नाही, म्हणून गॅरेजच्या नंबरवर केलास, हे ठीक. पण शब्बीर अंगणातून ओरडला, “सिस्टर, पुण्याचा फोन हाय! मोठी बाई हाय म्हंते!” आणि मी गेले तेव्हा तिथे पाच-सहा माणसे बसली होती. ग्राइंडर चालू होता. एकाने माझ्यासाठी स्टूल पुसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले.

अशा वेळी मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी फक्त “हो, हो” म्हणत राहिले. ते होकार नव्हते. तू त्यांना होकार समजू नयेस म्हणून हे पत्र.

तू म्हणालीस, “अगाथा, माझ्या हातात काही नाही.” मग ते कोणाच्या हातात आहे? प्रतिनिधी फादर म्हणतात, घरांचे निर्णय संघप्रमुख घेते. तू म्हणतेस, प्रतिनिधी फादरांची इच्छा आहे. रोमला विचारावे तर उत्तर येते, प्रतिनिधींशी बोला. मी लहान होते तेव्हा आमच्या राहुरीच्या चर्चमध्ये एक खांब होता, त्याभोवती आम्ही शिवाशिवी खेळत असू. ज्याला धरायला जावे तो खांबाच्या पलीकडे.

तू असेही म्हणालीस, “तू पोपच्या विरुद्ध उभी राहते आहेस, असा अर्थ निघेल.” कोण काढेल तो अर्थ? मी दोन पत्रे लिहून एका बाईला जेवायला बोलावले. यात पोपच्या विरुद्ध काय आहे?

काल हंसाबाई आली होती. ती जवळच्या तांड्यावर राहते. तिचा नवरा गेला त्याला दोन वर्षे होतील. आता ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते आणि बाजाराच्या दिवशी न चुकता येते. येताना वालाच्या शेंगा किंवा बोरे काहीतरी आणते. घर बंद होणार हे तिला जैबुनबींनी सांगितले होते. मी सांगणार नव्हते.

ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “काहून चालली वो बाई? आमचं काही चुकलं का?”

मी म्हटले, तुमचे काही नाही, पुण्याहून हुकूम आहे.

“हुकूम कोनाचा?”

“आमच्या मोठ्या सिस्टरचा.”

“थे कधी आलती का इथं?”

“नाही.”

“मंग तिले काय मालूम? आता बजारच्या दिवशी आमी बसाव कुठं? एसटी स्टँडवर? तिथं तं सारे इचारतात. दोन साल झाले, अजून इचारतात. कसं झालं वो, काहून केलं वो. जसं काही मी त्याच्या हातात डबा देल्ला. इथं कोनी इचारत नाही. मोठी आई तं बिलकुल इचारे नाही. नुसती शेंगा सोलत बसे.”

मोठी आई म्हणजे मदर.

जैबुनबी दारातून म्हणाल्या, “ये पोपसाब कहाँ रहते?”

मी म्हटले, रोमला. फार लांब.

“अच्छा. तो उनको कैसा मालूम पडा मेरे किराये के कमरे का?”

हंसाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. मला हसू आले नाही. मी खोलीत गेले आणि दार लावून घेतले. मदर गेल्यापासून मला रडू आलेले नाही. कालही आले नाही. नुसती चीड येते. कशालाही येते. दुल्सीनने ताटली जोरात ठेवली तरी येते.

नाताळच्या शुभेच्छा.

अगाथा


मारेगाव
११ जानेवारी २००७

रेमेडिया,

दुल्सीन काल पुण्याला निघाली. तुझ्याकडेच येते आहे. तिला बोलू नकोस. तिने मला सरळ सांगितले, “सिस्टर, मी थकले. दर आठवड्याला एक नवीन बाई आणि तोच बाक. मला वर्गात उभे राहायचे आहे. मुले ओरडतात तो आवाज मला हवा आहे.” मी तिला दोष देत नाही. तिने जिथे राहावेसे वाटते तिथे राहावे. पण मी इथे एकटी उरल्याने ‘एका भगिनीचे घर असू शकत नाही’ हा आणखी एक मुद्दा तुमच्या हाती आला, हे मला कळते.

आज प्रतिनिधी फादरांचे पत्र आले. फार सभ्य पत्र आहे. त्यांनी लिहिले आहे, की जेवणाच्या प्रथेबद्दल त्यांना आत्ताच समजले. या संघातून आधीच रोमकडे तक्रारी गेल्या आहेत, तेव्हा आता कोणालाही बोट ठेवायला जागा राहू नये. म्हणून सर्व काही प्रथेप्रमाणेच व्हावे. दोन फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, ते आणि तू मारेगावला याल. मिस्सा होईल. सिस्टर रेमेडिया जेवतील. जेवणानंतर त्याच टेबलावर त्या आदेश वाचून दाखवतील.

हे पत्र मी दोनदा वाचले.

म्हणजे मी गेले दोन महिने ज्याच्यामागे लागले तेच आता मिळते आहे, आणि मिळाले की घर जाते. मला वाटले होते, तू आलीस, बसलीस, हंसाबाईला बघितलेस, तर तुझे मन बदलेल. तुला यायला लावण्यासाठी मी प्रथेचा आधार घेतला. तुमच्या लोकांनी त्यातली फक्त प्रथा उचलली. तू घास घेशील आणि तुला माझ्यावर पूर्ण अधिकार मिळेल. आणि तो घास मीच रांधायचा.

जैबुनबींना मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी लगेच उपाय काढला.

“तो पकाओच मत. चूल्हा बंद. गॅस खतम हो गया बोलो.”

मी म्हटले, पाहुणी घरी येणार आणि तिला उपाशी ठेवायचे? हे माझ्याने होणार नाही.

“तो मैं पकाती. इतना तिखट डालती की मोठी बाई का हात ही नही जाएगा.”

“तेही नको.”

“आप लोगां बडे मुश्किल हो,” त्या म्हणाल्या. “झगडा भी करना और खाना भी खिलाना.”

पाहुण्यांसाठी पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्सा भाजी त्याच करणार आहेत. त्यांच्या हातची पातोडी मदरांना आवडत असे. मदर पहिल्यांदा या घरी जेवल्या ती पातोडीच होती.

मी आदेश पाळेन. व्रत घेतले आहे. टेबलावर वाचून दाखवलास की मी मान खाली घालीन आणि सामान बांधीन. पण मला पटले, असे मी कोणाला सांगणार नाही. तशी अपेक्षा ठेवून येऊ नका.

नागपूरहून गाडी केलीत तर करंजीनंतर रस्ता खराब आहे. वेळ धरून निघा.

अगाथा


मारेगाव
५ फेब्रुवारी २००७

रेमेडिया,

तुम्ही गेल्याला तीन दिवस झाले. तुला लिहायचे की नाही हे मला ठरवता येत नव्हते. तुझ्यासमोर मनातले काही बोलता आले नाही, म्हणून आता लिहिते. जसे घडले तसेच लिहिते. तू तिथे होतीस, पण टेबलाच्या या बाजूने ते कसे दिसले ते तुला माहीत नाही.

तुम्ही आलात तेव्हा बाजाराचा दिवस असल्यामुळे ओट्यावर बाया बसल्या होत्या. गाडीतून पांढऱ्या झग्यातले फादर उतरले तशा त्या उठून उभ्या राहिल्या. हंसाबाई उठली नाही. तिचे गुडघे धरले होते. तुझी चप्पल तिच्या पिशवीला लागली आणि बोरे सांडली. तू वाकून ती गोळा करू लागलीस. ती म्हणाली, “राहू द्या वो बाई, मी वेचतो. मले सवय हाय वेचाची.” तू तरी गोळा केलीस. नंतर तू तिच्या शेजारी ओट्यावर टेकलीस. फादर आत माझ्याशी मिस्सेच्या तयारीचे बोलत होते. मी दारातून बघत होते. तू तिला काही विचारशील याची मला धास्ती होती. तू विचारले नाहीस. कदाचित काय विचारावे हे तुला सुचले नसेल. पण तू बसून राहिलीस, फादरांनी दोनदा हाक मारेपर्यंत.

मिस्सेच्या वेळी शब्बीरने काम बंद ठेवले होते. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना चहाच्या टपरीवर पाठवले होते.

मग जेवायला बसलो. फादरांना पातोडी फार आवडली. त्यांनी दोनदा घेतली, घाम पुसत पुसत घेतली. जैबुनबी दारात उभ्या होत्या. तुझे ताट मी वाढले. दोन भाकरी, पातोडी, तुरीचे वरण, भात, लिंबाची फोड. तू प्रार्थना म्हटलीस, क्रूसाची खूण केलीस आणि हात मांडीवर ठेवलेस.

मी म्हटले, “घे ना.”

तू म्हणालीस, “मी आज जेवणार नाही.”

फादरांनी विचारले, बरे वाटत नाही का?

“नाही, फादर. बरी आहे.”

तुझ्या ताटातल्या भाजीवर साय धरली. मी जैबुनबींकडे बघितले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या वळून गेल्या. मागच्या अंगणात त्या शब्बीरला म्हणाल्या ते मला ऐकू आले. “मेरे हाथ का नही चलता होगा.” रेमेडिया, त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका रोमला पत्र गेले तेव्हाही आला नव्हता. मला तेच वाटले. मुसलमानाच्या घरचे म्हणून ताट सोडलेस, असेच वाटले. घर घेतेस ते घे, वर हा अपमान कशाला, असे मी मनात म्हणत होते.

फादरांनी हात धुतले आणि म्हणाले, “सिस्टर, आता आदेश वाचू या.”

तू म्हणालीस, “वाचता येणार नाही, फादर. आपणच लिहिले होते, सगळे प्रथेप्रमाणे व्हावे. मी या घरी जेवलेले नाही.”

ते म्हणाले, “मग जेवा.”

“भूक नाही.”

“सिस्टर, हे मला रोमला कळवावे लागेल.”

“कळवा,” तू म्हणालीस.

तोपर्यंत माझ्या डोक्यात काही शिरले नव्हते. तू पर्स उचलून उठलीस तेव्हा शिरले. तू गाडीत बसलीस. मी दाराला धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलेस आणि काच वर केलीस. दोन वाक्ये बोलली असतीस तर काय बिघडले असते? पण मी तरी कुठे बोलले?

गाडी गेल्यावर मी मागे गेले आणि जैबुनबींना सांगितले, की त्यांच्या हाताचा प्रश्न नव्हता. ती जेवली असती तर घर बंद करावे लागले असते, म्हणून जेवली नाही. त्यांना पटायला वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “हाय अल्ला! ये अक्कल मेरे को क्यों नही आई?” आणि लगेच म्हणाल्या, “फिर भी. एक निवाला तो खा लेती.”

“एक घासही चालला नसता.”

“मालूम है. फिर भी.”

मलाही तसेच वाटते, म्हणून हे पत्र. घर राहिले. निदान नवी प्रमुख येऊन इथे जेवेपर्यंत राहिले. हंसाबाई पुढच्या बाजारी येईल आणि बसेल. मी तुझे आभार मानले पाहिजेत आणि मी मानते. पण माझी चीड गेलेली नाही. हे तुला पहिल्या पत्राच्या वेळी करता आले असते. मदर जिवंत असताना करता आले असते. त्या आठ महिने इथे होत्या. तू एकदा आली असतीस, याच टेबलावर न जेवता उठली असतीस, तर त्यांनी बघितले असते.

तू त्यांच्याबद्दल विचारले नाहीस, याही वेळी नाही. तरी सांगते. त्यांना चिकनगुनिया झाला. गावात घरोघरी होता. ताप उतरला पण सांधे सुटेनात. तरी दवाखान्यात बाकावर बसायला जायच्या. उठताना मी आणि दुल्सीन दोन बाजूंनी धरत असू. मग छातीत दुखू लागले. यवतमाळला न्यायला शब्बीरने गाडी काढली. त्या म्हणाल्या, थोडे थांबा. आम्ही थांबलो आणि त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी तुझे नाव काढले नाही. तुला बरे वाटावे म्हणून खोटे लिहिणार नाही. माझेही काढले नाही. त्यांना दुखत होते आणि त्या गप्प होत्या.

तुला आता त्या पदावर ठेवतील असे वाटत नाही. प्रतिनिधी फादर भले गृहस्थ आहेत, पण ते लिहितील, आणि रोमहून तुलाही दोन ओळी येतील. तुझी शाळा तुला परत देतील की नाही, तेही मला माहीत नाही. पत्र आले की ते कोणत्या टेबलावर वाचायचे ते तू ठरव. पण त्यानंतर ये. तेव्हा तू कोणाचीच प्रमुख नसशील आणि तुझ्या जेवणाने कोणाचे काही जाणार नाही. दोन दिवस राहा. वणीला मदरांच्या कबरीवर जाऊ. मी तुला काही विचारणार नाही.

जैबुनबी विचारतात, ती बाई तिखट खाते का. आपण दोन वर्षे एका टेबलावर जेवलो आणि मला आठवत नाही. कळव.

अगाथा